नाक्यावरचं टोपलं

धुरपदाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. शुक्राची चांदणी सपराच्या वळचणीतून दिसली की ती उठे. आभाळ भरलेलं असलं तर सवयीनं उठे. आधी दळण. नवरा पटकीच्या साथीत गेलेला, एकुलती लेक सारजा चारठाण्याला दिलेली. घरात खाणारं तोंड एकच. पण एका भाकरीचं पीठ असो की दहा भाकरींचं, जात्याचा वरचा दगड तेवढाच जड. मग पाणी, मग चूल, मग भाकर फडक्यात बांधून काळ्या रानातली वाट. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल पायाला शेराशेरानं चिकटायचा. काटकीनं तो खरवडायचा, चार पावलांत पुन्हा तेवढाच गोळा व्हायचा. तशी चालत ती दिवस वर यायच्या आत नाक्यावर पोचायची.

नाका म्हणजे हैदराबाद संस्थानाची वेस. नदीपलीकडं वऱ्हाड, वाशिमची बाजू. अलीकडं हिंगोली, परभणी जिल्हा. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचा झेंडा उतरला, रझाकार पळाले. करोडगिरी मात्र राहिली. करोडगिरी म्हणजे वेशीवरची जकात. वऱ्हाडातून कापड, तंबाखू, साखर आणली की ती भरायची. सगळा देश एक झाला म्हणत होते, पण एकावन्न सालीही त्या रस्त्यावर आडवा वासा होता, आणि वासा उचलल्याशिवाय ना गाडी पुढं जायची ना मोटार.

बाईमाणसाची झडती बाईनंच घ्यायची, असा नियम. म्हणून धुरपदाबाईला रोजावर ठेवली होती. रस्त्याच्या कडेला पऱ्हाट्यांचा तट्टा उभा केलेला. त्याच्या आड तिचं काम चाले.

हे काम बघणाऱ्याला सोपं वाटायचं. ते तसं नव्हतं. बोचकं सोडायला जोर लागत नाही, बांधायला लागतो. परक्या माणसानं बांधलेलं बोचकं आपण सोडलं की ते पहिल्यासारखं बसत नाही. मग ती बाई पुढं कोसभर डोक्यावर वाकडं ओझं घेऊन मान मोडत चालते. धुरपदाबाई आधी गाठ बघून घ्यायची, मग सोडायची, आणि तीच गाठ पुन्हा मारायची. सामान जमिनीवर ठेवायची नाही, स्वतःच्या मांडीवर घ्यायची. थंडीत बाईच्या अंगाला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आडोशाला कुणाला पाठवायचं, ते चंद्रभान जमादार ठरवायचा. चंद्रभान निजामाच्या वेळेपासूनचा. मिशी पिळदार, पायात करकरणारे बूट. मोटार थांबली की तो हात मागं बांधून एक चक्कर मारी आणि मग बोट उचली.

"तू. तू. अन् ती घागरेवाली."

त्या बोटाची दिशा सगळ्यांना पाठ होती. फाटक्या धोतराकडं जायचं. पोलीस अॅक्शननंतर दाढी आणि बुरख्याकडं जायचं. आणि लमाणांच्या बायांकडं तर जायचंच जायचं. कोटाकडं, पगडीकडं, जरीच्या काठाकडं कधी गेलं नाही.

लमाणांचा तांडा पलीकडच्या काठाला होता. दर मंगळवारी त्या बाया डिंक, मध, चारोळी घेऊन अलीकडच्या बाजाराला यायच्या. दर मंगळवारी बोट उठायचं. एका लमाण बाईची झडती म्हणजे तीन साध्या झडत्यांचं काम. घागऱ्याला घेर किती, त्याला आरसे, कवड्या, शिशाच्या गोळ्या. दंडापर्यंत बलोयी, त्या रुंद पांढऱ्या बांगड्या. डिंकाचं गाठोडं वेगळं, मधाचं मडकं वेगळं. धुरपदाबाई सगळं उलगडायची, सगळं परत लावायची. सापडायचं काही नाही. कोरड्या विहिरीत मोट सोडायची, बैल हाकायचे, रिकामी मोट वर आली की पुन्हा सोडायची, असला तो धंदा.

त्यांच्यात झमकूबाई म्हणून एक होती. केस पिकलेले, जीभ तिखट. ती आडोशाला आली की आधीच हात वर करून उभी राहायची.

"घे गं धुरपदा. माझ्या कमरंवरचा मस माझ्या नवऱ्यानं कवा नीट बगितला न्हाई. तुला मातर पाठ झाला."

"मी काय हौसंनं बगते का, झमकूबाई?"

"हौसंनं न्हाई, पगारानं बगतीस. माझा नवरा फुकट असून बगत न्हाई."

दोघी हसायच्या. पण हसून झाल्यावर झमकूबाई घागऱ्याची नाडी आवळायची, तेव्हा तिचं तोंड बंद असायचं. ते धुरपदाबाईला दिसायचं.

श्रावणातल्या एका मंगळवारी बोट उठलं, आणि झमकूबाई आडोशाकडं वळलीच नाही. तिनं डोक्यावरचं गाठोडं रस्त्याच्या मधोमध ठेवलं. तीन दगड उचलून आणले. चूल मांडली. मागच्या बायांनीही मांडल्या. वाशिमची मोटार त्यांच्यामागं भोंगा वाजवत उभी राहिली.

"हे काय चाललंय?" चंद्रभान ओरडला.

"सैपाक करायलाव."

"रस्त्यात?"

"मग कुठं? दर बाजारी अर्धा दीस हितंच जातो आमचा. निदान भाकर तरी गरम खाऊ."

भोंग्याचा आवाज ऐकून नाकेदार बसवंतराव बाहेर आले. ते नवीन बदलून आलेले. उदगीरकडचे, कपाळाला विभूती, बोलणं हळू. त्यांनी चुली बघितल्या, मोटार बघितली.

"बाई, झडती तर सरकारी काम आहे."

"आमचं कुठं न्हाई म्हणणं हाय, साहेब? घ्या की." झमकूबाईनं मोटारीकडं हात केला. "पण त्या बसलेल्या बायांची कवा घेतली का? त्यांच्या अंगात हाडं अन् आमच्या अंगात तंबाखू भरलीय का?"

मोटारीतल्या बाया पदर सावरून दुसरीकडं बघू लागल्या.

"सगळ्यांची घेतली तर मोटार दिवस मावळेपर्यंत हलायची नाही," बसवंतराव म्हणाले. "कुणाला तरी निवडावंच लागतं."

"निवडा. पण तोंड बगून काहून निवडता?"

चंद्रभान पुढं झाला. "साहेब, वीस वर्सांची नजर हाय माझी. बगितलं की कळतं."

"या बायांकडं शेवटचं काय सापडलं, जमादार?"

चंद्रभाननं बुटानं माती उकरली. "धाक हाय म्हणून सापडत न्हाई, साहेब."

"आणि मोटारीतल्यांकडं?"

"त्यांची घेतच न्हाई, तर सापडंल कसं?" चंद्रभान बोलून गेला. बोलल्यावर मिशीला हात लावला. मोटारीच्या टपावर सामान बांधणारा क्लीनर खो-खो हसला.

धुरपदाबाई तट्ट्याच्या कडेला उभी होती. साहेबासमोर बोलायची तिला सवय नव्हती. पण रिकामी मोट ओढून दंड तिचेच भरून यायचे.

"साहेब, आमच्या गावात म्हसोबाला बोकड कापतेत," ती म्हणाली. "वाटे पडतेत. कुणाला मांडी, कुणाला नुसती आतडी. भांडण व्हायला पायजे का न्हाई? व्हईत न्हाई. ज्यानं त्यानं आपली खूण द्यायची. कुणी काडी, कुणी खडा, कुणी चिंचोका. कोणची कुणाची ते ज्याला ठाऊक न्हाई, त्यानं ती एकेका वाट्यावर ठिवायची. पाटलाच्या खुणंला आतडी आली तरी पाटील गुमान घेऊन जातो."

"नाका हाय का म्हसोबाचं बोकड?" चंद्रभान म्हणाला.

"बोकडाला हाय तेवढा न्याय माणसाला मिळाला तरी लय झालं," झमकूबाई चुलीजवळून म्हणाली.

बसवंतराव लिंगायत, मांसाचे वाटे त्यांच्या घरात कुणी ऐकलेही नव्हते. पण खळ्यावर राशीचे वाटे टाकताना त्यांनी पाहिले होते. मग त्यांनी विचारलं, "एखाद्यानं आपली खूण ओळखलीच नाही तर?"

"बाकीच्यांनी आपापल्या उचलून न्यायच्या. ज्याला उचलायला खूण राहिली न्हाई, तो त्यो."

बसवंतराव हसले. वरून तसं काही लिहून आलेलं नव्हतं. तसं करू नका, असंही आलेलं नव्हतं. "बघू," ते म्हणाले. "चालतंय तोवर चालवू."

झमकूबाईनं चुलीचे दगड पायानं बाजूला सारले.

पुढच्या मंगळवारपासून नाक्यावर टोपलं आलं. मोटारीतून उतरणाऱ्या आणि पायी येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं त्यात आपली खूण टाकायची. चंद्रभान ते फडक्यानं झाकून तट्ट्याच्या आड नेऊन द्यायचा. आत धुरपदाबाई बसलेली. तिला ना मोटार दिसायची ना माणसं. ती फडक्याखाली हात घालून तीन खुणा काढायची. चंद्रभान त्या हातावर घेऊन बाहेर यायचा आणि ओरडायचा, "हे बिडीचं थोटूक कुणाचं? ही गुंडी कुणाची? ही कवडी?" पुरुष निघाला तर चंद्रभान झडती घ्यायचा, बाई निघाली तर धुरपदाबाई.

पहिल्या दिवसांत गोंधळ झाला. एका म्हाताऱ्यानं खूण म्हणून तोंडातलं सुपारीचं खांड टाकलं, आणि ते परत मागायला आला. एकानं जिवंत गोचीड टाकली. ती टोपल्यातून निघून गेली, तेव्हा त्याची खूणच राहिली नाही. नियमाप्रमाणं झडती त्याची झाली. लोक हसले. हसले म्हणजे मानलं.

कामात फरक पडला, तो असा. मेहनत कमी झाली नाही. पण आता रोज तेच बोचकं, तीच गाठ नव्हती. शेठाणीच्या पोलक्याच्या गुंड्या काढायला घागऱ्याच्या नाडीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे धुरपदाबाईला त्या दिवसांत कळलं. पहिल्यांदा अंगाला परका हात लागला की मोठ्या घरची बाईही डोळे मिटून घेते, हेही कळलं. तिच्यासाठीही ती तळवे घासून गरम करायची.

मानवतकडचा एक मुनीम होता. दर पंधरवड्याला जायचा-यायचा. चंद्रभान त्याला लांबूनच रामराम घालायचा. एकदा त्याची चांदीची गुंडी निघाली, आणि तो बोललाच नाही. बाकीच्यांनी आपापल्या खुणा उचलल्या. मुनीम हात चोळत उभा राहिला.

"सोडा वळकटी, मुनीमजी," चंद्रभान म्हणाला.

गादीच्या आत रेशमी थान निघालं. चंद्रभाननं ते नेऊन नाकेदारापुढं ठेवलं. संध्याकाळी तो धुरपदाबाईला म्हणाला, "एवढी वर्सं मी रामराम कुणाला घालायलो, माणसाला का थानाला?"

"दोघालाबी पोचला असंल," ती म्हणाली.

आणि मार्गशीर्षात झमकूबाईची कवडी निघाली. डिंकाच्या गाठोड्यात खाली तंबाखू होती. धुरपदाबाईच्या हाताला ती लागली, तेव्हा दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"एवढी वर्सं काई न्हेलं न्हाई, तवा रोज झडती," झमकूबाई म्हणाली. "एकदा न्हेलं, तर नेमकी खूण पडली."

"काय करू?"

"काय करतीस? आपलीच कवडी हाय. घे की बाहीर."

लपवलेल्या मालाला करोडगिरी आणि वर तेवढाच दंड, असा नियम. झमकूबाईनं दोन्ही भरलं. तांड्यातल्या बायांनी तिला बाजाराच्या सगळ्या वाटेनं चिडवलं. पण पुन्हा कुणी रस्त्यात चूल मांडली नाही.

चैत्रात ऊन तापलं. सारजाला सहावा सरत आला होता. सातव्यात सासरी ओटी भरायची, आखाजीला म्हणजे अक्षयतृतीयेला तिला माहेरी आणायचं, असं ठरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सून धाडायची की नाही, हे सासूच्या हातात. सारजाची सासू नर्मदाबाई. चारठाण्याला शेतीवाडी, घरात दोन बैलजोड्या. अंगानं दांडगी, बोलण्यानं त्याहून दांडगी. वाशिमला तिची बहीण होती. पूर्वी नर्मदाबाई तिच्याकडून मोटारीतून यायची तेव्हा चंद्रभानचं बोट तिच्यावरून वाऱ्यासारखं जायचं. खिडकीतूनच ती विचारायची, "काय ईनबाई, बरं हाय का?" ईनबाई म्हणजे विहीणबाई. पण झडतीवाल्या विहिणीशी उतरून बोलायला तिला कमीपणा वाटायचा.

एका मंगळवारी धुरपदाबाईनं टोपल्यातून एक हळकुंड काढलं.

"हळकुंड कुणाचं?" बाहेर चंद्रभान ओरडला. कुणी बोलेना. मग आवाज आला, "माझं हाय. वरडायलास काय?" आणि धुरपदाबाईनं तो आवाज ओळखला.

नर्मदाबाई तट्ट्याच्या आड आली. घामानं निथळत होती. चालताना अंग वळत नव्हतं, मानवतच्या जिनिंगातून नुकती दाबून काढलेली गठाण ढकलत आणावी तशी ती आली.

"ईनबाई, तुमी?" धुरपदाबाई म्हणाली. "बसा. पाणी देते."

"पाणी र्‍हाऊ दे. लवकर काई न्हाई म्हण अन् सोड मला. मोटार थांबलीय."

धुरपदाबाईनं कंबरेला हात लावला. निऱ्यांचा जाड पुडा हाताला आला. एका लुगड्याच्या निऱ्या किती होतात, ते तिच्या बोटांना माहीत होतं. हे दुप्पट होतं. मागं दोन कासोटे, एकावर एक. वर जुनं इरकली, आत नवं कोरं, खळ न मोडलेलं लुगडं. दोन लुगडी नेसून ही बाई वाशिमहून चैत्राच्या उन्हात आली होती.

"ईनबाई, हे..."

"हळू बोल." नर्मदाबाईनं तिचा हात धरला. "हिरवं हाय. तुझ्याच सारजाच्या ओटीला आणलंय. हिंगोलीत असला रंग मिळंना, म्हणून वाशिमला गेले. सगळे पैसे त्यातच गेले. करोडगिरी भरायला माझ्याकडं काय राहिलंय?"

विहीण आपल्या लेकीसाठी एवढं करते, हे धुरपदाबाईला माहीत नव्हतं.

"ऐक धुरपदे," नर्मदाबाईचा आवाज बदलला. "तू जर मला त्या लमाणणींपुढं उघडं पाडलंस, तर आखाजीला वाट बगू नको. सारजाचं बाळंतपण चारठाण्यालाच व्हईल. माझं नाव नर्मदा."

तट्ट्याला फटी होत्या. फटीतून घागऱ्यांचे आरसे चमकत होते. ज्यांच्या खुणा निघाल्या नव्हत्या त्या बाया आपापली ओझी घेऊन उभ्या होत्या. त्यात झमकूबाईही होती. आतलं त्यांना काही दिसत नव्हतं. "काही न्हाई" एवढं म्हटलं असतं तर काम संपलं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

धुरपदाबाई उभी राहिली. सारजा डोळ्यापुढं आली. सातव्या महिन्यातली, पाय सुजलेली, वाट बघणारी. मग तिला झमकूबाईचे वर केलेले हात आठवले. इतकी वर्षं ते हात उगीच वर झाले होते. आता कुठं ते उगीच वर होत नव्हते. अर्धं नांगरलेलं रान हे नांगरलेलं नसतं. तिथं गवतच उगवतं.

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आधी प्या," ती म्हणाली. "मग आतलं लुगडं काढा. मी इथं आडवी उभी राहते, कुणाला काई दिसायचं न्हाई. घडी मीच घालते."

नर्मदाबाईनं तांब्या ओढून घेतला. मग पाणी प्यायली.

धुरपदाबाईनं ते लुगडं सोडवून घेतलं. घामानं एका बाजूला ओलं झालं होतं, ते पदरानं टिपलं. मांडीवर घेऊन काठाला काठ लावत घडी घातली, दुकानदार घालतो तशी. नर्मदाबाईचं वरचं लुगडं तिला परत नीट नेसवलं, निऱ्या बसवल्या. मग घडी दोन्ही तळव्यांवर धरून ती बाहेर आली.

"नवं लुगडं, एक," ती म्हणाली. "अंगात होतं."

चंद्रभाननं आत बघितलं. "अगं, ही तर तुझी ईन!"

"हाय. हळकुंड तिचंच हाय."

बसवंतराव ओट्यावरून उतरून आले. त्यांना नातं कळलं. ते काही बोलायच्या आत धुरपदाबाई म्हणाली, "झमकूबाईच्या तंबाखूला जे लावलं, तेच लावा साहेब. कमी नको, जास्ती नको. त्यांच्याकडं पैसे न्हाईत. माझ्या रोजातून कापा."

बसवंतरावांनी तिच्याकडं पाहिलं. "कापता येईल," ते म्हणाले. "पण पुष्कळ दिवस कापावं लागेल."

"कापा."

नर्मदाबाईनं लुगडं घेतलं. कुणाकडं न बघता मोटारीत चढली. खिडकीतून ईनबाई म्हटलं नाही. मोटार धूळ उडवत हिंगोलीकडं गेली.

लमाण बाया निघाल्या. झमकूबाई जाताना थांबली. मधाच्या मडक्यातला एक पोळ्याचा तुकडा पळसाच्या पानावर काढून तिनं तट्ट्याजवळ ठेवला आणि वाटेला लागली.

पुढचे दिवस धुरपदाबाईनं काम करून काढले. दळण, पाणी, वाट, तट्टा. रोज हातात अर्धाच यायचा. मिठाला पुरायचा, तेलाला पुरायचा नाही. तिनं कोरडी चटणी खाल्ली. चारठाण्याहून काही निरोप आला नाही. ओटी झाली असेल, असं ती मनात म्हणायची. हिरवा रंग सारजाला शोभला असेल. एवढ्यावर दिवस ढकलायचा.

आखाजी आली. गावातल्या माहेरवाशिणी झोक्यांवर चढल्या. धुरपदाबाईनं खाडा केला नाही. घरी बसून वाट बघण्यापेक्षा काम बरं.

दुपारी हिंगोलीकडून मोटार आली. टोपलं लागायचं नव्हतं, कारण करोडगिरी वऱ्हाडातून येणाऱ्या मालालाच होती. चंद्रभान आडोशाला धावत आला.

"धुरपदाबाई, तुझी ईन आलीय. मी वासा उचलू का पळून जाऊ?"

धुरपदाबाई बाहेर आली. नर्मदाबाई खाली उतरली होती आणि वर हात करून कुणाला तरी धरत होती. "सावकाश. डावा पाय आधी. अगं माय, बगून." हिरवं लुगडं नेसलेली सारजा खाली उतरली. पोट पुढं, तोंडावर घाम, आणि घामातून हसू.

मायलेकी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मग धुरपदाबाईनं विहिणीकडं बघितलं. "राग गेला का, ईनबाई?"

"राग काय भाकर हाय का, खाल्ली अन् संपली?" नर्मदाबाईनं पिशवी खाली ठेवली. "हाय राग. पण त्या दिशी मोटारीत काय झालं, ते ऐक. बसले अन् सगळे तुझंच बोलायले. एक जण म्हणला, पूर्वी ह्या नाक्यावर तोंड बगून धरायचे, आता सख्ख्या ईनंला सोडत न्हाईत. एक म्हातारी म्हणली, अशी बाई पायजे. मी गप. तोंडावर पदर घेऊन बसले. हिंगोली येईस्तोवर माझ्यानंच ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, काय बोलायलाव, ती माझी ईन हाय!"

चंद्रभान इतका हसला की त्याला वाशावर टेकावं लागलं.

"अन् तो लोकांचा मान घेऊन मी घरी गेले," नर्मदाबाई पुढं म्हणाली, "तर सूनच म्हणली, आत्याबाई, आईनं बरोबर केलं. तुमी मायलेकी एका बाजूला झालात, मी एकटी. कुठं जाऊ?"

"हितंच या की."

"आलेच की. दोन दिस ऱ्हाईन. पाहुणचार कर. पुरणाची पोळी जमत न्हाई म्हणू नको, मी डाळ संगं आणलीय."

संध्याकाळी तिघी काळ्या रानातल्या वाटेनं गावाकडं गेल्या. सारजा मधी, दोघी दोन्ही अंगाला. नर्मदाबाईची पिशवी जड होती. धुरपदाबाईनं ती एकदा हातात घेऊन बघितली आणि मग डोक्यावरच घेतली.

ज्येष्ठात दंड फिटला. मजुरी पुन्हा पुरी हातात आली. ती धुरपदाबाईनं गावच्या सुताराकडं नेऊन दिली. त्यानं बाभळीच्या चार खुरांची, सरळ काठ्यांची बाज करून दिली. सुंभ विकत घेण्याइतकं उरलं नाही. म्हणून तिनं अंबाडीचा वाख भिजवला, झोडपला, मांडीवर वळून दोरी केली. तळवे सोलले. नाक्यावरून परतली की उजेड असेतो ती एकेक पेड ओढून विणायची, गुडघा काठीला रेटून, पाठीमागं झुकून, सगळं वजन टाकून. ढिली विणली तर बाळंतिणीची कंबर दुखते.

विणून झाली, तेव्हा सारजा तीवर बसून बघायला आली. बाज तसूभरही खचली नाही.